पाणी कोणत्या विषयात येतं?

ज्ञानाला भिंती नसतात. हे वाक्य माझं आहे. प्राचार्यांच्या खोलीत, सगळ्यांसमोर, एक हात खिशात घालून मी ते म्हटलं होतं.

आमच्या विज्ञान इमारतीत मात्र भिंती आहेत, आणि त्यातल्या एकीला ओल आहे. ही भिंत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांच्या मधोमध येते. ओल त्यांच्या बेसिनची आहे असं आमचं म्हणणं, आणि आमच्या बाजूने जाणाऱ्या पाइपाची आहे असं त्यांचं. दोन्ही विभागांनी आपापल्या बाजूने कपाट लावून ओल झाकली आहे. प्रश्न उघडाच आहे.

मी कपाटाच्या भौतिकशास्त्राच्या बाजूला शिकवतो.

त्या दिवशी प्राचार्यांनी आम्हाला बोलावून सांगितलं की विद्यापीठाला आता लवचिक पदवी हवी आहे. म्हणजे विद्यार्थ्याने सकाळी ताऱ्यांचं गणित करावं, दुपारी शेवाळ बघावं, आणि तीन वर्षांनी एकच कागद घेऊन घरी जावं. सगळी विज्ञानं एकत्र. विद्यापीठाची समिती येऊन बघणार, तिला पटलं तर याच वर्षी सुरू करायचं.

"तर मग," प्राचार्य म्हणाले, "याची आखणी कोण करतंय?"

सगळे पंख्याकडे बघू लागले. पंखा बंद होता, तरी बघत होते. तेव्हा मी उभा राहिलो आणि ते भिंतींचं वाक्य म्हणालो. पुढे असंही म्हणालो की, "माझ्यावर सोडा. आठवड्यात आखून देतो!"

आता यात माझा स्वार्थ होता, तो सांगून टाकतो. आमची मुलगी बारावी झाली होती. घरात तिला सगळे खारू म्हणतात, कारण लहानपणापासून दिसेल ते उचलून खिशात भरायची: बिया, चुंबकाचे तुकडे, मेलेले भुंगे. तिला दुसऱ्या गावच्या एका चांगल्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. होकार कळवायचा बाकी होता. जायचं तर वसतिगृहात राहायचं. खारू अडली होती ती एवढ्यावरच की, "बाबा, एकच विषय कसा निवडू? मला सगळेच आवडतात."

बापाला अशी संधी पुन्हा मिळत नाही. मी म्हटलं, "मग सगळे घे! आपल्याच कॉलेजात. बाबा पदवी काढतोय."

माझी बायको दातांची डॉक्टर आहे. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून आपण बोलत राहायची तिला सवय आहे.

"एका मुलीला घरी ठेवायला तू अख्खी पदवी काढतोयस?"

"तिच्यासाठी नाही गं. ज्ञानासाठी."

"बरं. ज्ञानाला सांग, डबा टेबलावर ठेवलाय."

आखणीसाठी चौघांची बैठक बसली. एक मी. दुसऱ्या रसायनच्या बाई; त्या साधं 'नमस्कार' सुद्धा बाटलीवरच्या सूचनेसारखं म्हणतात. तिसरे वनस्पतिशास्त्राचे कुंडीसर. त्यांच्या हातात कायम एक कुंडी असते, लोक जशी छत्री बाळगतात तशी. चौथे गणिताचे सर. ते क्वचितच बोलतात, आणि बोलले की सुरुवात 'म्हणजेच'ने करतात. त्यामुळे मुलांनी त्यांचं नाव म्हणजेचसर ठेवलंय. आम्हीही तेच वापरतो.

"पदवी लवचिक हवी," मी सुरुवात केली.

"अगदी!" रसायनच्या बाई म्हणाल्या. "मुलांनी हवं ते निवडावं. रसायनशास्त्र सोडून."

"म्हणजे रसायनशास्त्र निवडायचं नाही?"

"निवडायचं कशाला? ते सक्तीचं. पाया आहे तो. पाया कोणी निवडतं का?"

"आणि वनस्पती म्हणजे काय, गच्ची?" कुंडीसरांनी कुंडी टेबलावर आपटली. थोडी माती माझ्या चहात पडली. "पान नसतं तर तुम्हाला श्वास घेऊन भांडता आलं असतं का? वनस्पतिशास्त्रही सक्तीचं!"

मी शांतपणे समजावलं की इथे संकुचित विचार करून चालणार नाही, मुलांना मोकळं सोडलं पाहिजे, आणि भौतिकशास्त्र तर काय, ते सगळ्यातच असतं, त्यामुळे ते सक्तीचं केलं तरी कोणाला जाणवणारही नाही.

म्हणजेचसर एवढा वेळ कोपऱ्यात काहीतरी लिहीत होते. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"म्हणजेच पदवी सात वर्षांची होते."

कापाकापी सुरू झाली. प्रत्येकाने दुसऱ्याचे तास मोठ्या उदार मनाने कापले. बाईंनी माझा ध्वनी कापला. मी त्यांची आम्लं कापली, अल्कली कुंडीसरांनी. संध्याकाळपर्यंत पदवी कशीबशी तीन वर्षांत कोंबली गेली. सगळं सक्तीचं झालं होतं, पण बसलं होतं. बसता बसता एक तास शिल्लक राहिला: शनिवारचा शेवटचा. त्यात विद्यार्थ्याला हवं ते करता येणार होतं. त्या वेळी ग्रंथालय बंद असतं, प्रयोगशाळेला कुलूप असतं आणि आम्ही घरी असतो, त्यामुळे कोणाचाही अडथळा नव्हता.

प्राचार्यांना आराखडा फार आवडला. शनिवारच्या त्या तासाला त्यांनी स्वतःच नाव दिलं: स्वातंत्र्याचा तास.

घरी येऊन मी खारूला आराखडा दाखवला. तिने तो उभा धरून बघितला, आडवा धरून बघितला.

"बाबा, यात निवडायचं काय असतं?"

"शनिवार बघ ना!"

तिने शनिवार बघितला. कागद घडी करून मला परत दिला. मी ते कौतुक समजलो.

आता खरं म्हणजे गोष्ट इथे संपायला हवी होती. पण विद्यापीठाने कळवलं की आराखडे वाचून समितीचे डोळे थकले आहेत, आता समिती प्रत्यक्ष तास बघेल. एकच खोली, एकच विषय, आणि सगळ्या शाखा मिळून शिकवताहेत असा नमुन्याचा तास. तोही येत्या सोमवारी. प्राचार्य म्हणाले, विद्यार्थीही खराखुरा हवा, नव्या पदवीला येऊ इच्छिणारा. मी लगेच म्हटलं, "आहे! आमच्या घरीच आहे!"

पुन्हा चौघे बसलो. विषय ठरला: पान. कुंडीसर एक झकास, भरगच्च पानांची कुंडी देणार, आणि त्या एका झाडावर आम्ही चौघे चार बाजूंनी ज्ञानाचा प्रकाश टाकणार. भांडण नको म्हणून आधीच वाटणी केली. पान कुंडीसरांचं. प्रकाश माझा. मोजमाप म्हणजेचसरांचं. बाटल्यांमधलं सगळं बाईंचं.

"आणि पाणी?" कुंडीसरांनी विचारलं.

"पाणी अर्थातच आमचं," बाई म्हणाल्या. "पाण्याचं सूत्र पहिल्याच धड्यात असतं."

मला राहवलं नाही. "म्हणजे पाणी रसायनशास्त्राचं? नक्की?"

"नक्की!"

"मग भिंतीतलं पण तुमचंच!"

इतक्या वर्षांचा प्रश्न असा एका वाक्यात सुटेल असं मलाही वाटलं नव्हतं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बाटलीतलं आमचं," त्या म्हणाल्या. "भिंतीतलं तुमचं."

"पण झाडाला घालायचं पाणी..." कुंडीसर म्हणू लागले.

"सर, पाण्यावर चर्चा झाली!" बाई गरजल्या. "पाणी आमच्याकडे आहे!"

"असू दे तुमच्याकडे!" कुंडीसरांचा चेहरा पडला. "मी एका थेंबालाही हात लावणार नाही. लोक म्हणतील दुसऱ्याच्या विषयात ढवळाढवळ करतो."

शुक्रवारी दुपारी कुंडीसरांनी प्रयोगशाळेच्या खिडकीत, भर उन्हात, कुंडी मांडली. पान दिवसभर उन्हात राहिलं की त्यात पिष्ट साठतं, आणि त्यावर आयोडीन टाकलं की ते निळंकाळं पडतं. शाळेतली मुलंसुद्धा हा प्रयोग डोळे मिटून करतात. कुंडी ठेवून सर सूर्यावर विश्वास टाकून घरी गेले.

ते गेल्यावर मी आलो. माझा प्रयोग फार देखणा होता. पानांचा हिरवा रंग स्पिरिटमध्ये उतरवायचा आणि अंधारात त्यावर निळा प्रकाश टाकायचा. हिरवं पाणी लालभडक चमकतं! बघणारा चाट पडतो. फक्त अंधार पूर्ण हवा. म्हणून मी सगळ्या खिडक्यांना काळा कागद लावला. धूर बाहेर टाकणाऱ्या पंख्याच्या पात्यांमधून उजेड येत होता, तोही पुठ्ठा लावून बंद केला. कुंडी दिसली मला. पण पान माझ्याकडे नव्हतं. प्रकाश माझ्याकडे होता, आणि तो कुठे पडू द्यायचा नाही हे मी ठरवलं होतं.

मी कुलूप लावून घरी गेलो. शनिवारी आणि रविवारी खोली बंद होती. कुंडी आत होती.

सोमवारी सकाळी म्हणजेचसर सगळ्यांच्या आधी आले. त्यांना पानांचं क्षेत्रफळ मोजायचं होतं. दोन-चार पानांवरून निष्कर्ष काढणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही; नमुना पुरेसा हवा. अंधारात टॉर्च तोंडात धरून त्यांनी पानं खुडली आणि बाकावर लहान ते मोठं अशी ओळीने मांडून प्रत्येकावर क्रमांक टाकला. काम अतिशय नीटनेटकं होतं. नमुना इतका पुरेसा झाला की झाडावर मोजकीच पानं उरली, तीही मान टाकलेली.

मी आलो तेव्हा कुंडीसर झाडापुढे उभे होते. मी हातातल्या टॉर्चचा झोत त्यांच्या चेहऱ्यावर टाकला आणि लगेच काढून घेतला.

"कोणी केलं हे?"

"म्हणजेच," अंधारातून आवाज आला, "मोजमाप माझ्याकडे होतं."

"आणि खिडक्या?"

"प्रकाश माझ्याकडे होता," मी म्हणालो.

इतक्यात दारातून रसायनच्या बाई ओरडल्या, "पंखा कोणी बंद केला? स्पिरिट तापवायचंय इथे!" त्यांनी गरम पाण्याच्या पातेल्यात स्पिरिटचं भांडं ठेवलंही होतं. पुठ्ठा काढायला मी स्टुलावर चढलो, तेवढ्यात दार पुन्हा उघडलं आणि प्राचार्यांचा गोड आवाज आला, "या, या! इथे आमच्या सगळ्या शाखा एकत्र नांदतात."

समिती आत आली. अध्यक्षबाई पुढे, मागे दोन सदस्य. त्या बोलल्या की हे दोघे मान हलवायचे. अंधारात ते दिसलं नाही, पण कॉलर घासल्याचा आवाज येत होता. त्यांच्यामागून खारू आली, दारातल्या उजेडात दिसली. गळ्यात पाण्याची बाटली, हातात वही. आवडता अंगरखा घालून आली होती, म्हणजे मनापासून आली होती. माझा ऊर भरून आला. काही अंशी स्पिरिटच्या वाफेमुळेही असेल.

"इथे अंधार का आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"अज्ञान दाखवायचंय, मॅडम," प्राचार्य म्हणाले. हजरजबाबी माणूस.

कुंडीसरांनी उरलेल्यातलं एक पान घेतलं. आधीच उकळून, रंग उतरवून ठेवायला त्यांना वेळ मिळालेला नव्हता, म्हणून सगळं समितीपुढेच करावं लागलं. रंग उतरलेल्या पानावर त्यांनी आयोडीनचे थेंब टाकले. मी टॉर्च धरला.

"आता हे पान निळंकाळं होईल," ते म्हणाले.

आम्ही वाट बघितली. पान पिवळट तपकिरी होतं. ते पिवळट तपकिरीच राहिलं.

"अजून झालं नाही का?" एक सदस्य.

"होणार नाही!" कुंडीसरांचा आवाज फाटला. "उपाशी आहे हो हे पान! दोन दिवस उजेड नाही त्याला!"

वातावरण सावरायला मी माझा प्रयोग पुढे केला. निळा दिवा लावला आणि हिरव्या द्रावणावर झोत सोडला. पण एकाच पानाचा रंग सगळ्या भांड्यात मिळून किती उतरणार? द्रावण दुधात एक थेंब चहा टाकावा तसं होतं. लाल चमक आलीच असेल तर ती फक्त मला दिसली.

"दिसतंय ना?" मी विचारलं.

"डोळ्यांत पाणी आलंय, काही दिसत नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "खिडकी उघडा आधी!"

"म्हणजेच," म्हणजेचसर म्हणाले, "खिडकी उघडली तर वारा येईल."

पण तोवर बाईंनी काळा कागद टराटरा फाडून खिडकी सताड उघडली होती. वारा आला. बाकावरची पानं लहान ते मोठं अशाच क्रमाने उडाली. म्हणजेचसर आणि कुंडीसर त्यांच्या मागे धावले, समितीचा एक सदस्य त्यांना मदत करायला वाकला, आणि पुठ्ठा काढायला मी पुन्हा स्टुलावर चढलो होतो, तो उतरताना नेमका त्याच्या बोटांवर पाय ठेवला.

उजेडात प्रथमच सगळ्यांना झाड दिसलं. काड्या होत्या. माती भेगाळून कुंडीच्या कडेपासून सुटली होती.

मी खारूकडे बघितलं. तिला सगळे विषय एकत्र दाखवायचं मी वचन दिलं होतं, आणि एकत्र तर ते होतेच: दोघे पानांमागे, एक जण पातेल्याशी, आणि मी पाहुण्याच्या बोटांवर. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिने वही बाकावर ठेवली, गळ्यातल्या बाटलीचं झाकण काढलं आणि कुंडीत पाणी घातलं. एकदम नाही. थोडं घालायची, मुरलं की पुन्हा थोडं.

माती पाणी पिते त्याचा बारीक आवाज येत होता.

"हे चांगलं आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "सकाळपासून मी पहिलीच समजूतदार गोष्ट बघतेय. हे कोणत्या विषयात येतं?"

"आमच्या!" आम्ही चौघे एकदम म्हणालो.

"पाणी पहिल्या धड्यापासून आमचंच आहे!" बाई.

"अहो, झाड कोणाचं आहे?" कुंडीसर.

"पाणी मातीतून वर चढतं ते कशामुळे?" मी. "भौतिकशास्त्रामुळे!"

"म्हणजेच किती घातलं ते मोजायला हवं."

"तुमचंच असेल," अध्यक्षबाई म्हणाल्या, "तर मग घातलं का नाही कोणी?"

यावर उत्तर होतं, पण त्यात पुन्हा भिंत आली असती.

अध्यक्षबाईंनी प्राचार्यांना बाजूला घेतलं. ही पदवी गेली, असं मला वाटलं. खारूचं वसतिगृह डोळ्यांपुढे आलं. लोखंडी कॉट, मावेल न मावेल एवढं कपाट, आणि रविवारी फोन. पण प्राचार्य परत आले ते हसतच.

"मंजूर!" ते कुजबुजले. "त्या म्हणाल्या, बाकी सगळीकडे भिंतीवर चित्रं दाखवतात, इथे निदान खरोखर काहीतरी बिघडलं. फक्त एक अट आहे. झाडाला पाणी घालणं सक्तीचं करा."

"करू की!" मी म्हणालो. "कुठे बसवायचं?"

म्हणजेचसरांनी आराखडा काढला. आम्ही चौघे त्यावर वाकलो. कापायला कोणीच तयार नव्हतं.

"म्हणजेच," ते म्हणाले, "शनिवारचा शेवटचा तास रिकामा आहे."

तर अशा रीतीने लवचिक पदवी पूर्ण झाली. स्वातंत्र्याच्या तासाला आता सगळ्यांनी पाणी घालायचं ठरलं. मी घरी गेलो तो छाती काढून.

"मंजूर झाली!" दारातूनच ओरडलो. "खारू, सगळे विषय! सगळे! घरच्या घरी!"

खारू जेवणाच्या टेबलाशी बसली होती. बायकोही बसली होती, आणि कधी नव्हे ती गप्प होती. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"बाबा, मी तिकडे होकार कळवला."

"तिकडे? तिथे तर एकच विषय!"

"हो. वनस्पतिशास्त्र."

"अगं, पण तुला तर सगळं आवडतं ना!"

"आवडतं. पण तुम्ही चौघे त्या झाडाचं सगळं करत होता, आणि त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. मला ते बघायचंय."

"आपल्याकडेही आहे की ते! आजच सक्तीचं केलं!"

"कधी असतं?"

मी खुर्ची ओढून बसलो. "शनिवारी."

"तिकडे रोज असतं, बाबा."

बायकोने माझ्याकडे पाण्याचा पेला सरकवला. मी तो प्यायलो. कोणत्या विषयात येतं ते विचारलं नाही.

खारूला सोडायला आम्ही दोघे गेलो. वसतिगृहातली कॉट लोखंडी नव्हती, लाकडी होती. कपाट मात्र मी समजलो होतो तेवढंच निघालं. मी दार धरून उभा राहिलो आणि तिने आत सगळं बसवलं. बाहेर पडताना बायकोचे डोळे आधी भरले की माझे, यावर आमच्यात अजून मतभेद आहेत.

आमची पदवी सुरू झाली. बरी चालली आहे. शनिवारी शेवटच्या तासाला मुलं येत नाहीत, कारण प्रयोगशाळेला कुलूप असतं. भिंतीवरची ओल कपाटाच्या वर आली आहे.

ती कुंडी कुंडीसरांनी खारूला दिली होती, आणि खारू ती माझ्या हवाली करून गेली. आमच्या गॅलरीत असते. नवी पानं फुटली आहेत. खारू रविवारी फोन करते. आधी आईशी बोलते, मग मला फोनवर बोलावते आणि एकच विचारते, "बाबा, कुंडीला पाणी घातलंत?"

"हो तर!" मी म्हणतो.

बायकोने घातलेलं असतं.